करंड्यातली साखर

धुळ्याहून कार्ड आलं तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. पोस्टमन एरवी थांबतो, पाणी मागतो. त्या दिवशी त्याने कार्ड सुपात ठेवलं आणि तसाच पुढे गेला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं की कोणीतरी गेलं. कोण, ते कळायला मात्र वेळ लागला, कारण खाली सही श्रीधर नावाच्या माणसाची होती आणि हा श्रीधर कोण ते मला आठवेना. मग ओळी वाचल्या. आत्या आठ दिवसांपूर्वी गेल्या, फार त्रास झाला नाही, त्यांच्या वहीत तुमचा पत्ता होता म्हणून कळवतो आहे... एवढंच होतं. यशोदाबाईंचा भाचा तो. मी कार्ड सुपाखाली ठेवलं आणि उरलेल्या शेंगा फोडून टाकल्या. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

यशोदाबाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेच्या हेडबाई. आमची वस्ती जळगावात जिनाच्या मागे आहे. कापसाचं जिनिंग, तेलाची गिरणी आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली घरं. शाळा कापसाच्या जुन्या गोदामात भरायची. भिंतींना सरकीचा वास होता, तो अजून गेलेला नाही. बाईंना जाऊन महिना झाला. शाळेत त्यांचा फोटो नाही आणि नवीन बाईंनी त्यांना पाहिलेलं नाही. दुर्गा, माझी मुलगी, आता दहावीत आहे. ती म्हणाली, आई, तू कोणाला सांगायची नाहीस, निदान लिहून तरी ठेव. तिच्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. माझं शिक्षण जामनेरला चौथीपर्यंत झालं. पत्रं लिहिते, त्यापलीकडे लिहायची सवय नाही.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. दुर्गा दुसरीत होती. बाई मूळच्या धुळ्याच्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हा भावाने त्यांना शिकवलं आणि मास्तरणीचं ट्रेनिंग करायला लावलं. मग तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या शाळा केल्या. बारीक अंगाच्या, उंच, राखी रंगाचं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. आवाज मोठा नव्हता, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायच्या आणि मला तेच जमत नसे. मी दाराआडून बोलणारी. दुर्गाला शाळेत सोडायला जायचे तेव्हा फाटकापाशी तिचा हात सोडून द्यायचे आणि मागे वळायचे. बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते फाटकाबाहेर येऊन, की तुम्ही आत का येत नाही? मी म्हटलं, आतमध्ये माझं काय काम? 

शाळेत आईबापांचं काही काम असतं हे आमच्या वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा नगरपालिकेची, मास्तर नगरपालिकेचे, आपण पोर पाठवायची. पाठवायची तीसुद्धा घरात तिच्या हाताची गरज नसेल तेव्हा. बाईंनी आल्या आल्या पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, की अमुक दिवशी सायंकाळी शाळेत भेटायला यावे. वस्तीत चिठ्ठी यायची ती पोलिसाची नाहीतर कोर्टाची, त्यामुळे कोणी आलं नाही. एकच बाप आला. तेलाच्या गिरणीतला हमाल होता. पोरीला दंडाला धरून आणली होती, तिचे डोळे सुजलेले. दारातूनच म्हणाला, "बाई, चिठ्ठी भेटली. घरून मारूनच आणली तिला. आजून मारायची का?" बाईंनी ती मुलगी चांगली वाचते हे सांगायला त्याला बोलावलं होतं... हे मला बाईंनी पुष्कळ नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही.

दुर्गा तिसरीत होती त्या वर्षी श्रावणात डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. चौथीच्या वर्गात पटावर चौदा मुली होत्या आणि समोर नऊ बसलेल्या. ते म्हणाले, एवढ्या मुलींसाठी एक शिक्षिका देणं बोर्डाला परवडत नाही. दिवाळीनंतर पुन्हा येईन, तेव्हा वीस मुली दिसल्या नाहीत तर चौथी बंद करू, उरलेल्या मुलींनी रुळांपलीकडच्या शाळेत जावं. रुळांपलीकडे आमच्या वस्तीतली एकही मुलगी गेली नसती. मध्ये मालधक्का होता, हमाल-गाडीवानांची वर्दळ, आणि फाटक लागलं की अर्धा तास उभं राहायचं. म्हणजे तिसरी झाली की घरी. दुर्गाचे वडील बाजारात माल तोलायचे, तोलारी होते. ते म्हणाले, तिसरी तर तिसरी, तुला चौथीचा काय उपयोग झाला? ते रागाने बोलले नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.  पण माझी मुलगी माझ्याहून एक इयत्ता कमी शिकणार, हे काही केल्या मनातून जाईना. भाकरी थापताना तेच, धुणं धुताना तेच.

पुढच्याच आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. म्हणाल्या, काल समोरच्या गल्लीत डोहाळजेवण होतं, पाहिलंत? एक सवाष्ण करंडा घेऊन फिरली आणि अर्ध्या तासात चाळीस बायका गोळा झाल्या. माझ्या चिठ्ठीला एक माणूस आला. मग पिशवीतून त्यांनी एक लाकडी करंडा काढला. लाखेचं काम केलेला, झाकणाचा रंग उडालेला. त्यांच्या लग्नातला होता तो. इतकी वर्षं त्यात त्या सुया आणि बटणं ठेवत होत्या. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "दुर्गाची आई, तुम्ही चौथी झालेल्या आहात आणि तुमच्या कपाळावर कुंकू आहे. माझ्याकडे दोन्हींतलं एकच आहे. तेव्हा घरात तुम्ही जायचं."

 मी म्हटलं, मला बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, एकच वाक्य बोलायचं आहे. तुमची मुलगी शाळेत काय करते ते बघायला या. एवढंच. ते वाक्य मी तीन दिवस जात्यावर बसून म्हटलं. शेवटी दुर्गा वैतागून म्हणाली, आई, माझंसुद्धा पाठ झालं.

भाद्रपद लागला तसे आम्ही निघालो. ज्या ज्या घरात पहिली ते चौथीच्या वयाची मुलगी आहे, ते प्रत्येक घर. बाईंच्या हातात पट आणि छत्री. त्या दारापर्यंत यायच्या, पायरी चढायच्या नाहीत, खाली गल्लीत तोंड फिरवून उभ्या राहायच्या. मला वाटे, घरं मोजतायत किंवा नावं ताडून बघतायत. मी वर जायचे, हळद-कुंकू लावायचे आणि वाक्य म्हणायचे. पहिल्या दोनतीन घरी वाक्य घशातच राहिलं, नुसतं कुंकू लावून आले. पुढे जमायला लागलं. जिनात काम करणाऱ्या पुष्कळशा बायका धुळे-दोंडाईचाकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या कुंकू लावून घ्यायच्या आणि विचारायच्या, "कोन्हं लगीन शे वं माय?" मी म्हणायचे, लग्न नाही, शाळा आहे. पण करंडा घेऊन आलेली बाई शाळेचं बोलते आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

तो बसला नव्हताच. जिनाची सुट्टी पाहून बोलावलं होतं. त्या दुपारी गोदामाच्या दारात साठेक बायका उभ्या राहिल्या, सगळ्या ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात वेणी, काहींच्या हातात खण आणि नारळ. एका म्हातारीने तर आहेराचा टोपडं-झबल्याचा जोड आणला होता, तिला कोणीतरी बारसं आहे असं सांगितलेलं. नवरी कुठाय म्हणून आत डोकावून बघत होत्या. मी भिंतीला चिकटून उभी. आता बाई काय करणार याची मला धडकी भरली होती. बाईंनी काही खुलासा केला नाही. प्रत्येकीला हाताने धरून त्यांनी तिच्या मुलीच्या जागेवर बसवलं, त्याच तरटाच्या पट्टीवर, मुलगी शेजारी. मग एकेका मुलीने आपल्या आईला धडा वाचून दाखवला, बाकी वर्गाला नाही. साठ मुली एकदम वाचत होत्या, कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, आणि प्रत्येक आई वाकून आपल्या पोरीच्या तोंडाकडे बघत होती. नंतर बायका आपसात बोलायला लागल्या. इथे तर गळतं. पाण्याचा माठ कुठाय? ही जमीन कोणी सारवत नाही का? बाईंनी खुणेने मला गप्प राहायला सांगितलं. मी काय बोलणार होते कोण जाणे. निघताना बायका नारळ घेऊन परत कशाला जायचं म्हणून तिथेच फोडून गेल्या. पुढच्या शनिवारी सातआठ जणी शेण घेऊन आल्या आणि त्यांनी जमीन सारवली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बसून पाहिलं होतं, म्हणून आल्या.

चौथीचा पट सतरावर गेला. तीन कमी होत्या. दसऱ्यानंतर जिनाचा हंगाम जोरात येणार आणि आणखी बायका कामाला लागल्या की आहेत त्यांतल्याही घरी राहतील, हे बाईंना दिसत होतं. त्या रोज विचारायच्या, अजून कोण राहिलं? मी म्हणायचे, सगळ्यांकडे गेलो होतो.

ते खरं नव्हतं. ते मला कळलं नळावर. आमच्या गल्लीच्या टोकाला गिरजाबाई राहायच्या. दोंडाईचाकडच्या, जिनात सरकीच्या ढिगावर काम. नवरा मोटारीखाली सापडून गेलेला, दोन मुली. थोरली यमुना दुर्गाच्या पुढे एक वर्ष, चौथीच्या वयाची. शाळेत येत होती तेव्हा तिच्यासारखं गणित कोणाला येत नसे. आता ती धाकटीला सांभाळायची. मी घागर लावून उभी होते. गिरजाबाई मागे. मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, यमुना शाळेत येत नाही का हल्ली? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याच्या धारेकडे बघत म्हणाल्या, "बठ्ठासले बलावं, माले नही."

सगळ्यांना बोलावलं, त्यांना नाही. घागर भरून वाहायला लागली तरी मी हलले नाही. मला आठवलं. त्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले होते. त्या दार उघडून समोर आल्या, त्यांचं कपाळ मोकळं. माझ्या हातात करंडा. मी तो पटकन पदराखाली घेतला आणि पाणी आलंय का नळाला असं काहीतरी पुटपुटून पुढच्या दाराकडे वळले. मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं. विधवेच्या दारात कुंकू घेऊन थांबायचं नसतं, तिला वाईट वाटतं... एवढंच मनात होतं. घरी येऊन मी बोटांवर मोजलं. अशी चार घरं मी ओलांडली होती. तिघी विधवा. एकीला नवऱ्याने टाकलेलं. तिच्या कपाळावर तर कुंकू होतं, तरी मी गेले नव्हते. आणि या चारही घरांतल्या मुली चौथीच्या वयाच्या होत्या आणि चारही घरी होत्या.

हे बाईंना सांगायला मला तीन दिवस लागले. शाळा सुटल्यावर गेले. त्या पट लिहीत होत्या. मी उभ्यानेच, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दौतीला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मी पाहिलं होतं. खाली गल्लीत उभी होते मी. तुम्ही वळलात ते दिसलं मला." दौत बाजूला सारून म्हणाल्या, "मला ते चुकलं असं वाटलं नाही, दुर्गाची आई. तीस वर्षं मी स्वतःच बाजूला उभी राहते आहे ना."

तेव्हा मला समजलं की त्या पायरी का चढत नव्हत्या. इतके दिवस मी त्यांच्याबरोबर फिरले, आणि मला वाटत होतं त्या घरं मोजतायत.

बाईंनी करंड्यातलं कुंकू एका कागदावर ओतलं, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. लुगड्याच्या पदराने करंडा आतून पुसला. शिपायाला पाठवून दुकानातून साखर आणवली आणि करंड्यात भरली. त्याच संध्याकाळी आम्ही गिरजाबाईंकडे गेलो. त्या वेळी बाई पुढे होत्या. पायरी चढल्या, दार वाजवलं. मी त्यांच्या मागे.

गिरजाबाई जिनातून नुकत्याच आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू. बाईंना बघून त्या आत सरकल्या, हात पदराखाली. बाईंनी आपला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी गिरजाबाईंनी हात काढला. बाईंनी त्यांच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली. ती पांढरी नव्हती. करंड्याच्या सांध्यांतलं कुंकू पुसून निघालं नव्हतं, त्यामुळे साखरेला लाल झाक होती. गिरजाबाईंनी ती पाहिली, मग बाईंच्या कपाळाकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "पुसलं मी, पण सगळं निघालं नाही. चालेल का?"

गिरजाबाई साखर हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, टाकून देतात की काय. मग त्यांनी ती तोंडात टाकली, आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पोर तं धाडसू बाई. पन धाकलीले कोन सांभाळी?"

बाईंनी हे आधीच मनात धरलेलं होतं की तेव्हाच सुचलं, ते मला माहीत नाही. म्हणाल्या, धाकटीलाही घेऊन येऊ दे. शाळेच्या ओसरीत झोळी बांधू. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, मंगळवारी तुम्ही बसाल ना? मला नाही म्हणता आलं नाही. म्हणता आलं असतं तरी म्हटलं नसतं.

अशी ओसरीतली पाळी सुरू झाली. ज्या बायका जिनात जात नव्हत्या त्यांनी आठवड्यातून एकेक दिवस यायचं, जिनात जाणाऱ्यांची लहान पोरं सांभाळायची, म्हणजे थोरल्या मुली आत बसतील. मंगळवार माझा. ओसरीच्या वाशांना चार झोळ्या लोंबायच्या. मी एकीला पायाने झोका द्यायचे आणि हाताने शेंगा फोडायचे. आत बाईंचा आवाज, सतराचा पाढा. गल्लीतल्या लोकांनी नावं ठेवली. एकाने तर माझ्या यजमानांना बाजारात गाठून विचारलं की तुमची मंडळी नगरपालिकेत दाई म्हणून लागली का? घरी येऊन त्यांनी मला ते सांगितलं. मी म्हटलं, मंगळवारपुरती लागले आहे. मी उलट उत्तर दिल्याचं त्यांना इतकं नवल वाटलं की ते हसले.

दिवाळी झाली. डिपोटीसाहेब यायच्या आदल्या दिवशी पट बरोबर वीस होता. चारांतली एक मुलगी मामाकडे निघून गेली होती, तिघी आल्या होत्या. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी कळलं की एकीला ताप आहे. म्हणजे एकोणीस. शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंनी सुचवलं, तिसरीतली एक उंच मुलगी चौथीत बसवून टाकू, कोणाला कळतंय? ती उंच मुलगी म्हणजे आमची दुर्गाच. मी ओसरीतून ऐकत होते आणि खरं सांगते, बाईंनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. बाई म्हणाल्या, उद्या तिला मी आईपुढे वाचून दाखवायला बसवणार आहे, आज तिलाच खोटं बसवू? त्यांनी हजेरी एकोणीस लिहिली.

साहेबांनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग बाहेर ओसरीत आले. मंगळवार नव्हता, तरी आम्ही सहासात जणी आलो होतो. गिरजाबाईसुद्धा जिनातून खाडा करून आल्या होत्या. झोळ्यांकडे बघून साहेबांनी विचारलं, हे काय? तुम्ही बायका इथे कशासाठी बसता? ते नेमकं माझ्याकडे बघून विचारत होते.  मान खाली घालून मी झोळीची दोरी धरून बसले.

शेजारून गिरजाबाई म्हणाल्या, "आमनी शाळा शे, म्हनीसन."

 साहेबांनी आत जाऊन शेरा लिहिला. चौथीचा वर्ग एक वर्षापुरता चालू ठेवावा. बाईंनी तो शेरा आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, एक वर्षापुरता आहे, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा फिरावं लागेल.

पुढची चार वर्षं दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आम्ही फिरलो. साखर घेऊन, प्रत्येक घरी, कोणाचंही कपाळ न बघता. दुर्गा चौथी झाली, सातवी फायनल झाली. यमुना सहावीपर्यंत शिकली, मग तिचं लग्न झालं आणि ती दोंडाईचाला गेली. पुढे शिकली असती, पण नाही झालं. आईला कार्ड पाठवते. ते गिरजाबाई माझ्याकडून वाचून घेतात, दोनदा.

बाई निवृत्त होऊन धुळ्याला भावाकडे गेल्या तेव्हा करंडा माझ्याकडे देऊन गेल्या. शाळेत ठेवला तर कपाटात राहील, म्हणाल्या. माझ्या घरी तो फळीवर राहिला. पहिल्या जूनला मी उतरवला, पुसला, आणि परत ठेवला. बाई नाहीत तर मी एकटीने कशी जाऊ? कोण पुढे होणार? दुसऱ्या जूनला उतरवलाही नाही. ओसरीतल्या पाळ्या हळूहळू बंद झाल्या, झोळ्या निघाल्या. नवीन बाई चांगल्या आहेत, पण त्या चिठ्ठ्या पाठवतात.

या हिवाळ्यात एका लग्नासाठी धुळ्याला गेले तेव्हा त्यांना भेटले. मागच्या खोलीत खाटेवर होत्या. फार वाळल्या होत्या. मला ओळखलं. दुर्गाचं विचारलं, गिरजाबाईंचं विचारलं. मग म्हणाल्या, यंदा चौथीत किती आहेत?

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, नक्की आकडा नाही सांगता येणार, घरी जाऊन कळवते. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही. परत आल्यावर शाळेत गेले आणि विचारलं. अकरा. तो आकडा कार्डावर लिहायला मला धीर झाला नाही. उद्या लिहू, परवा लिहू करत राहिले, आणि मग तिकडून कार्ड आलं.

कार्ड आलं त्याच्या पंधरवड्याने शाळा उघडणार होती. मी करंडा उतरवला. आत बाईंच्या वेळची साखर घट्ट झाली होती, कडेला लालसर. ती काढून मुंग्यांना टाकली, नवीन भरली, आणि संध्याकाळी गिरजाबाईंकडे गेले. जिनाचं काम आता त्यांच्याने होत नाही, घरीच असतात. मी म्हटलं, बाई गेल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, फाटका कोपरा चाचपला आणि परत दिलं. मी म्हटलं, मला फिरायचं आहे, पण एकटीने जमत नाही. त्या वहाणा घालायला लागल्या.

पहिलं घर नवीन माणसांचं होतं, ओळख नव्हती. पायरीपाशी आल्यावर गिरजाबाई थांबल्या. तोंड फिरवून गल्लीकडे बघत उभ्या राहिल्या, अगदी बाई राहायच्या तशा. नव्या लोकांना चालेल न चालेल, असं त्यांना वाटलं असावं. मी दोन पायऱ्या चढले होते. एरवी मी तशीच पुढे गेले असते.

मी खाली उतरले. करंडा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "गिरजाबाई, तुम्ही पुढे व्हा. बोलायचं मी बोलते."

आम्ही सहा दिवस फिरलो. चौथीत आता तेवीस मुली आहेत. ओसरीत दोन झोळ्या बांधल्या आहेत, तिसरी बांधायची आहे. मंगळवार माझाच. करंडा फळीवर आहे. मी तो किती वेळा पुसला, धुतलासुद्धा, पण नवीन साखर भरली की दोन दिवसांत कडेने लाल होते.